घटक ६ : ड्राइव्हचे अक्षर आणि फाइलीचा पत्ता : एक पाथ, अनेक वाचक

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• फाइलीचा पाथ ही एक भाषिक रचना कशी आहे, हे सांगता येईल.
• विंडोज आणि युनिक्स या दोन परंपरांतील पाथलेखनातला फरक स्पष्ट करता येईल.
• सिगविन, एमएसवायएस, डब्ल्यूएसएल आणि वाइन या वातावरणांत ड्राइव्हच्या अक्षराचे काय होते, ते ओळखता येईल.
• देवनागरी नावांच्या फाइली हाताळताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या अभ्यासकाला आज संगणकाशी केवळ टंकलेखनापुरता संबंध ठेवून चालत नाही. ओव्यांचा संग्रह करणे, त्यातील शब्दांची वारंवारता मोजणे, एखाद्या रूपाचे सर्व वापर संदर्भासह काढणे ही कामे संगणकाकडून करून घेता येतात. या कामांची अनेक साधने युनिक्स या कार्यप्रणालीच्या परंपरेत वाढलेली आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मात्र विंडोजचा संगणक असतो. त्यामुळे विंडोजच्या संगणकावरच युनिक्ससारखे वातावरण उभे करून ही साधने वापरण्याची वेळ येते. तेथे पहिलीच आज्ञा दिल्यावर 'अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. फाइल तर डोळ्यांसमोर दिसत असते. मग संगणक ती नाही असे का म्हणतो?

याचे उत्तर तांत्रिक आहे, तसेच ते भाषावैज्ञानिकही आहे. 'शिक्षा' हा शब्द घ्या. मराठी वाचक त्याचा अर्थ 'दंड' असा करील, हिंदी वाचक 'शिक्षण' असा करील. लिपी तीच, अक्षरे तीच, तरी अर्थ वेगळा. कारण अर्थ ठरवणारी भाषा वेगळी. फाइलीच्या पाथचेही असेच आहे. पाथ म्हणजे फाइल नव्हे. पाथ म्हणजे फाइलीकडे निर्देश करणारी, विशिष्ट नियमांनी बांधलेली उक्ती होय. तो पाथ कोण वाचणार आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. या घटकाचे सारे विवेचन या एका विधानाभोवती आहे.

एक सूचना : या पुस्तिकेत पाथ आणि आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना ड्राइव्हची अक्षरे, आज्ञा आणि प्रणालीने दिलेली नावे रोमन लिपीत टंकावीत. उदाहरणार्थ, 'एमएनटी' म्हणजे एम, एन, टी ही तीन रोमन अक्षरे. 'ओव्या', 'मावळ' यांसारखी तुम्ही स्वतः दिलेली नावे मात्र देवनागरीत असू शकतात.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पत्ता लिहिण्याच्या दोन परंपरा

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख निर्माते. युनिक्समध्ये सर्व फोल्डर आणि फाइली मिळून एकच वृक्ष असतो. त्याच्या मुळाचे चिन्ह '/' म्हणजे स्लॅश. संगणकाला दुसरी डिस्क जोडली, तरी दुसरा वृक्ष तयार होत नाही. ती डिस्क पहिल्या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसवली जाते. या क्रियेला माउंट करणे म्हणतात. म्हणून युनिक्सच्या पाथमध्ये 'ही फाइल कोणत्या डिस्कवर आहे' हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी परंपरा छोट्या संगणकांची. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या सीपी/एम या प्रणालीत प्रत्येक ड्राइव्हला एकेक अक्षर होते आणि त्यापुढे अपूर्णविराम, म्हणजेच कोलन, लिहीत : 'ए:', 'बी:'. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉस प्रणालीने हीच पद्धत स्वीकारली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी वापरली जात, म्हणून पुढे हार्ड डिस्कच्या वाट्याला सी हे अक्षर आले. फ्लॉपी आता व्यवहारातून गेली. परंतु हार्ड डिस्क अजूनही 'सी' पासूनच सुरू होते. मूळ कारण लोपले तरी रूप टिकून राहते, ही भाषेच्या इतिहासात वारंवार आढळणारी गोष्ट येथेही दिसते.

डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय नव्हती. ती १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. तोपर्यंत '/' हे चिन्ह आज्ञेचे पर्याय लिहिण्यासाठी वापरात येऊन गेले होते. म्हणून पाथमधील विभाजक म्हणून '\' म्हणजे बॅकस्लॅश निवडला गेला. आज आपल्याला अडखळवणारा फरक येथून सुरू झाला.

परिणामी विंडोजचा पाथ 'डी:\ओव्या\मावळ.टीएक्सटी' असा दिसतो. त्यात तीन गोष्टी आहेत : कोणता वृक्ष हे सांगणारे अक्षर, त्या वृक्षाचे मूळ आणि मग एकेक फांदी. विंडोजमध्ये अनेक वृक्ष असतात, युनिक्समध्ये एकच. तेव्हा प्रश्न असा, की अनेक वृक्षांचे पत्ते एकाच वृक्षाच्या भाषेत कसे सांगावेत?

६.२.२ ड्राइव्हच्या अक्षराचे रूपांतर

या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. आपली फाइल डी ड्राइव्हवरील 'ओव्या' या फोल्डरात आहे असे धरू.

(अ) सिगविन : पाथ असा होतो – /सिगड्राइव्ह/डी/ओव्या/मावळ.टीएक्सटी
१९९५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने 'सिगड्राइव्ह' नावाची एक फांदी कल्पिली आणि सर्व ड्राइव्ह तिच्यावर बसवले. डिस्कवर या नावाचा फोल्डर शोधू गेल्यास तो सापडणार नाही. तो केवळ सिगविनच्या भाषेत आहे. हा उपसर्ग बदलताही येतो. दोन भाषांमधील भाषांतरासाठी 'सिगपाथ' नावाची आज्ञा सोबत मिळते.

(आ) एमएसवायएस : पाथ असा होतो – /डी/ओव्या/मावळ.टीएक्सटी
विंडोजवर गिट बसवल्यावर मिळणारा गिट बॅश याच कुळातला. येथे ड्राइव्हचे अक्षर थेट मुळाला जोडले जाते. या वातावरणाचे वैशिष्ट्य म्हणजे येथून विंडोजचा एखादा प्रोग्रॅम चालवला, तर पाथसारख्या दिसणाऱ्या शब्दांचे भाषांतर ते आपण होऊन करते. ही सोय कधीकधी अडचण ठरते. विंडोजच्या काही आज्ञांत '/सी' हा पाथ नसून पर्याय असतो. तरीही त्याचे 'सी:/' असे भाषांतर होऊन जाते. म्हणून जाणकार तेथे स्लॅश दोनदा, '//सी' असा लिहितात. संदर्भ न समजता केलेले शब्दशः भाषांतर कसे फसते, याचे हे नेमके उदाहरण आहे.

(इ) डब्ल्यूएसएल : पाथ असा होतो – /एमएनटी/डी/ओव्या/मावळ.टीएक्सटी
मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये ही सोय आणली. तिच्यात लिनक्सचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतात. 'एमएनटी' हे 'माउंट' या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. संगणकातील कायमचे ड्राइव्ह येथे आपोआप जोडले जातात. पेन ड्राइव्ह मात्र सहसा स्वतः माउंट करावा लागतो. त्यामुळे विंडोजमध्ये 'ई:' दिसत असूनही '/एमएनटी/ई' रिकामा असणे किंवा नसणेच, हे शक्य आहे. येथे भाषांतरासाठी 'डब्ल्यूएसएलपाथ' ही आज्ञा आहे. डब्ल्यूएसएलमधून विंडोजचा प्रोग्रॅम चालवल्यास पाथचे भाषांतर आपोआप होत नाही. ते तुम्हालाच करावे लागते.

(ई) वाइन : ही उलट दिशेची वाट आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी १९९३ पासून वाइन विकसित होत आहे. विंडोजच्या प्रोग्रॅमला ड्राइव्हचे अक्षर तर हवेच. म्हणून वाइन 'सी:' हे नाव एका साध्या फोल्डराला देते आणि 'झेड:' हे नाव लिनक्सच्या संपूर्ण वृक्षाच्या मुळाला. तेव्हा लिनक्समधील '/होम/विद्यार्थी/ओव्या' हा फोल्डर त्या प्रोग्रॅमला 'झेड:\होम\विद्यार्थी\ओव्या' असा दिसतो.

पहिल्या तीन पाथांकडे पुन्हा पाहा. फाइल एकच आहे, डिस्कवरील तिची जागाही एकच आहे. बदलली ती केवळ तिला हाक मारण्याची रीत. म्हणून एका वातावरणासाठी लिहिलेली आज्ञा दुसऱ्यात उतरवून घेताना पाथचा आरंभ नेहमी तपासावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
'ई:\म्हणी\कोकण.टीएक्सटी' हा पाथ सिगविन, गिट बॅश आणि डब्ल्यूएसएल यांत कसा लिहाल?

६.२.३ एकच चिन्ह, दोन व्याकरणे

विंडोजचा पाथ जसाच्या तसा युनिक्ससदृश वातावरणात दिला तर काय होते? येथे लक्षात ठेवावे, की आज्ञा वाचणारा एकच नसतो. प्रथम ती 'शेल' वाचतो. आज्ञेचे शब्द वेगळे करून प्रोग्रॅमकडे सोपवणे हे शेलचे काम. त्यानंतर प्रोग्रॅम आणि शेवटी कार्यप्रणाली वाचते. प्रत्येकाचे व्याकरण वेगळे असते.

बॅकस्लॅश : शेलच्या व्याकरणात बॅकस्लॅश हा विभाजक नाही. 'पुढील चिन्हाचा विशेष अर्थ घेऊ नये' अशी ती सूचना असते. सूचना पाळली गेली, की ते चिन्ह गळून पडते. म्हणून 'डी:\ओव्या\मावळ.टीएक्सटी' असे अवतरणचिन्हांशिवाय लिहिल्यास प्रोग्रॅमपर्यंत 'डी:ओव्यामावळ.टीएक्सटी' एवढेच पोहोचते. पाथभोवती एकेरी अवतरणचिन्हे दिली, तर शेल त्याला हात लावत नाही आणि बॅकस्लॅश टिकून राहतात.

कोलन : बॅकस्लॅश टिकले, तरी 'डी:' चा प्रश्न उरतोच. दुसऱ्या संगणकावर फाइल पाठवणाऱ्या 'एससीपी' या आज्ञेच्या व्याकरणात कोलनच्या आधीचा शब्द हा संगणकाचे नाव असतो. ती 'डी' नावाचा संगणक शोधू लागते. प्रोग्रॅम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचे याची यादी युनिक्समध्ये कोलनने तोडतात, विंडोजमध्ये अर्धविरामाने. त्या यादीत 'डी:\साधने' लिहिले, तर युनिक्स त्याचे 'डी' आणि '\साधने' असे दोन तुकडे करते.

सर्वांत फसवी स्थिती याहून वेगळी आहे. लिनक्समध्ये फाइलीच्या नावात '/' सोडून जवळजवळ कोणतेही चिन्ह चालते. कोलन आणि बॅकस्लॅशही चालतात. समजा, तुम्ही लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरात आहात आणि एखाद्या प्रोग्रॅमला 'निष्कर्ष डी:\ओव्या\यादी.टीएक्सटी येथे लिही' असे अवतरणचिन्हांसह सांगितले. लिनक्सच्या दृष्टीने हा पाथ '/' ने सुरू होत नाही. म्हणजे तो मुळापासूनचा पत्ता नव्हे. त्यात एकही '/' नाही. म्हणजे ते एकच नाव आहे. प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता त्याच फोल्डरात 'डी:\ओव्या\यादी.टीएक्सटी' एवढ्या लांब नावाची फाइल तयार करतो. काम झाले असे तुम्ही समजता. डी ड्राइव्हवर मात्र काहीच नसते. चुकीचे वाक्य पटकन लक्षात येते. व्याकरणाला धरून असलेले, पण भलताच अर्थ देणारे वाक्य लक्षात येत नाही. सिगविन व एमएसवायएसचे प्रोग्रॅम 'डी:/ओव्या' असे मिश्र रूप बहुधा समजून घेतात. डब्ल्यूएसएलमधील लिनक्सचे प्रोग्रॅम ते समजत नाहीत.

६.२.४ 'तेथे' म्हणजे कोठे?

व्याकरणात तुम्ही दर्शक सर्वनामे अभ्यासली आहेत. 'हा', 'तो', 'ते' यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरतो. पाथचेही असे दोन प्रकार पडतात. मुळापासून सुरू होणारा तो निरपेक्ष पाथ. आपण सध्या ज्या फोल्डरात आहोत तेथून सुरू होणारा तो सापेक्ष पाथ. युनिक्समध्ये भेद सोपा आहे : आरंभी '/' असेल तर निरपेक्ष, नसेल तर सापेक्ष.

विंडोजमध्ये या दोहोंच्या मधले एक रूप आहे. 'डी:\मावळ.टीएक्सटी' म्हणजे डी ड्राइव्हच्या मुळाशी असलेली फाइल. परंतु बॅकस्लॅश गाळून 'डी:मावळ.टीएक्सटी' असे लिहिले, तर अर्थ 'डी ड्राइव्हवर आपण सध्या ज्या फोल्डरात आहोत, त्यातील फाइल' असा होतो. डॉसपासून प्रत्येक ड्राइव्हचे 'सध्याचे फोल्डर' वेगळे लक्षात ठेवण्याची परंपरा आहे. युनिक्समध्ये सध्याचे फोल्डर एकच असते. त्यामुळे या रूपाला तेथे नेमका प्रतिशब्द नाही.

६.२.५ देवनागरी नावे आणि पदच्छेद

रोमन लिपीत मोठी व लहान अक्षरे असतात. विंडोज सामान्यतः त्यांत भेद करत नाही, लिनक्स करते. देवनागरीत असा भेदच नसल्याने या अडचणीतून मराठी नावे सुटतात. तथापि त्यांच्या स्वतःच्या तीन अडचणी आहेत.

पहिली 'ऱ' ची. 'शेतकऱ्यांच्या' या शब्दातील ऱ्य युनिकोडमध्ये किमान तीन प्रकारे साठवता येतो : 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाने; 'र' आणि नुक्ता मिळून; किंवा 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात. विंडोज आणि लिनक्स मात्र त्यांना तीन भिन्न नावे मानतात. एका कळफलकावर नाव दिलेली फाइल दुसऱ्या कळफलकावर तेच नाव टंकून सापडली नाही, तर हे कारण तपासून पाहावे.

दुसरी लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ या साठवणपद्धतीत फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. म्हणजे सुमारे ८५ चिन्हे झाली. यात मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. 'ओव्या' या शब्दात ओ, व, हलन्त, य, काना अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. विंडोजमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तेथे चाललेले लांबलचक मराठी नाव लिनक्सवर उतरवताना नाकारले जाऊ शकते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे आणि ती प्रत्येक लिपीला लागू आहे. शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडतो. समजा, डी ड्राइव्हवर 'ओव्या' आणि 'ओव्या जुन्या' असे दोन फोल्डर आहेत. पहिल्यात तुमचा पूर्ण संग्रह आहे, दुसरा टाकून द्यायचा आहे. डब्ल्यूएसएलमध्ये तुम्ही अशी आज्ञा देता :

आरएम -आर /एमएनटी/डी/ओव्या जुन्या

शेल याचा पदच्छेद '/एमएनटी/डी/ओव्या' आणि 'जुन्या' असा करतो. पहिला फोल्डर, म्हणजे तुमचा संग्रह, पुसला जातो. 'जुन्या' नावाचे काही सापडले नाही, अशी तक्रार त्यानंतर येते. जो फोल्डर काढायचा होता तो जागच्या जागी राहतो. पाथभोवती अवतरणचिन्हे असती तर हे घडले नसते.

६.२.६ प्रत नव्हे, तीच फाइल

वरील उदाहरणात आणखी एक धोका दडलेला आहे. '/एमएनटी/डी' खाली दिसणाऱ्या फाइली या लिनक्ससाठी केलेल्या प्रती आहेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. कारण नाव वेगळे आहे. परंतु नाव दुसरे म्हणून वस्तू दुसरी होत नाही. 'सूर्य' आणि 'रवी' या दोन शब्दांनी दोन सूर्य निर्माण होत नाहीत. '/एमएनटी/डी/ओव्या' आणि 'डी:\ओव्या' हे समानार्थी पाथ आहेत. एकातून पुसले की दुसऱ्यातूनही गेले. शिवाय 'आरएम' ने पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. गावोगाव फिरून, जात्यावर बसलेल्या स्त्रियांकडून ऐकून उतरवलेल्या ओव्या एका मोकळ्या जागेमुळे नाहीशा होऊ शकतात, आणि त्या पुन्हा सांगणारी व्यक्ती भेटेलच असे नाही. म्हणून संग्रहाची एक प्रत नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी त्याच पाथवर 'एलएस' ही आज्ञा चालवून, त्यात नेमके काय आहे ते पाहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
'सी:\म्हणी' हा पाथ अवतरणचिन्हांशिवाय बॅश शेलला दिल्यास प्रोग्रॅमपर्यंत काय पोहोचेल?

६.३ सारांश

विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हचा स्वतंत्र वृक्ष असतो व तो अक्षराने ओळखला जातो. युनिक्समध्ये सर्वांचा एकच वृक्ष असतो. सिगविन, एमएसवायएस आणि डब्ल्यूएसएल ही वातावरणे ड्राइव्हचे अक्षर या एका वृक्षात वेगवेगळ्या ठिकाणी बसवतात. वाइन उलट लिनक्सच्या वृक्षाला अक्षर देते. कोलन, बॅकस्लॅश आणि मोकळी जागा यांचा अर्थ वाचणाऱ्यानुसार बदलतो. पाथ वेगळा दिसला तरी फाइल तीच असू शकते. पाथ सारखा दिसला तरी फाइल वेगळी असू शकते. म्हणून पाथ लिहिण्यापूर्वी 'हा कोण वाचणार आहे?' हा प्रश्न स्वतःला विचारावा.

६.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : सिगविन – /सिगड्राइव्ह/ई/म्हणी/कोकण.टीएक्सटी, गिट बॅश – /ई/म्हणी/कोकण.टीएक्सटी, डब्ल्यूएसएल – /एमएनटी/ई/म्हणी/कोकण.टीएक्सटी (ई हा पेन ड्राइव्ह असल्यास आधी माउंट करावा लागेल).
प्रश्न २ : 'सी:म्हणी'. बॅकस्लॅश शेलने काढून टाकलेला असेल.

६.५ स्वाध्याय

१. 'पाथ ही वस्तू नसून उक्ती आहे' हे विधान दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. दर्शक सर्वनामे आणि सापेक्ष पाथ यांतील साम्य सांगा. 'डी:मावळ' हे रूप तुम्ही कोणत्या गटात घालाल? कारण द्या.
३. एमएसवायएसचे आपोआप होणारे भाषांतर कोठे उपयोगी पडते व कोठे फसते, ते लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : तुमच्या संगणकावरील देवनागरी नावांच्या दहा फाइली निवडा. प्रत्येक नावातील चिन्हे मोजा, मोकळ्या जागा व 'ऱ' कोठे आहेत ते नोंदवा आणि कोणती नावे बदलावीत याची कारणांसह यादी करा.